डोकेदुखीची पुडी

वेहकोला,
रविवार, १० मार्च १९७४

प्रिय केर्त्तूस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे दोन्ही पोचले. मोजे तौनोला घट्ट होतात, पण बहिणीनं विणलेत म्हणून मुकाट्यानं घालतो आणि चालताना तोंड वाकडं करतो. तुमच्या स्वीडनमधली पातळ कॉफी पिऊन कारखान्याच्या खानावळीत दिवसभर उभी राहतेस आणि वर विणकाम करतेस, याचं मला खरंच नवल वाटतं.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मार्च लागला की मला भीती वाटायला लागते. दिवस मोठा झाला म्हणून सारा गाव खुशीत असतो आणि मी खिडकीशी असते. दलदलीवरचं बर्फ आता पहाटे दगडासारखं टणक असतं, वर हत्ती चालला तरी खचणार नाही. तुझ्या भावाचा हाच हंगाम. मासेमार घारी आफ्रिकेतून एप्रिलात परत येतात, त्याआधी त्यांची सातही घरटी बघायची, हिवाळ्यानं पाडलेल्या फांद्या पाइनच्या शेंड्यावर पुन्हा बांधायच्या, आणि मग घारी आल्या की लांबून दुर्बिणीनं बघून हेलसिंकीच्या पक्षीनोंद कचेरीला कार्ड धाडायचं. जोडी आली का, अंड्यावर बसली का, पिल्लं किती. कुणी सांगितलेलं नाही, कुणी शाबासकी देत नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पायाला लोखंडी काटे बांधून एकटा झाडावर चढतो. गेल्या वर्षी धान्याच्या कोठारात चार पायऱ्यांच्या शिडीवरून पडला होता, हे त्याच्या लेखी झालेलंच नाही.

आणि कुठे जातो ते सांगत नाही. का, ते तुला ठाऊकच आहे. सोळा वर्षांपूर्वी सौनाच्या वाफेत अंग शेकताना, दोन ग्लास पोटात गेल्यावर, हा एका घरट्याची जागा बोलून गेला. ते मत्स्यतळ्यांच्या मालकाच्या, हुर्मेच्या कानावर गेलं. घार तळ्यातले मासे पळवते म्हणून त्यानं जोडी गोळी घालून पाडली. तौनो वर चढला तेव्हा तीन गार अंडी होती. तेव्हापासून त्याच्या ओठांना कुलूप. हेलसिंकीच्या लोकांनी नकाशा मागितला, तर यानं लिहिलं की पिल्लं किती ते मी सांगतो, कुठे ते पिल्लांना विचारा. मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

पण केर्त्तू, पक्ष्याला वाचवायचं म्हणून आपल्याच माणसाला शोधायचं कुठे हे कुणाला ठाऊक नसावं, हे कुठलं शहाणपण? परवाही डोकं धरून घरी आला, पुडी घेतली आणि झोपला. मी त्याच्या छातीला कान लावून श्वास ऐकत राहिले. तू लिही त्याला. तुझं ऐकतो. निदान सात जागा कागदावर लिहून पाकीट बंद करून ठेव म्हणावं. मी उघडणार नाही.

कॉफीचा डबा वेगळ्या पार्सलानं पाठवते आहे. लोभ आहेच, तो तिकडच्या कॉफीसारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सायमी

~

वेस्तेरोस,
१९ मार्च १९७४

ती. सायमीवहिनीस,
सा. न. वि. वि.

कॉफी मिळाली. खानावळीतल्या बायकांना वास दिला, चव दिली नाही.

दादाला मी स्वतंत्र पत्र लिहिलंय आणि चांगलं खडसावलंय. तू म्हणतेस तो माझं ऐकतो. वहिनी, तो माझं ऐकतो म्हणजे मी बोलत असताना गप्प बसतो, एवढंच. लहानपणी याच्या खिशात पक्ष्याचं पिल्लू असायचं आणि आईसमोर शपथेवर सांगायचा की खिसा रिकामा आहे. खिसा चिवचिवायचा तरी सांगायचा.

पण तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. आमचे बाबा एका एप्रिलात जाळं काढायला गोठलेल्या तळ्यावर गेले, कुठल्या खाडीत ते न सांगता. मी सहा वर्षांची होते. आई रोज त्यांची थाळी मांडायची. बर्फ वितळल्यावर सापडले, घरापासून हाकेच्या अंतरावर. सगळा गाव दुसऱ्या टोकाला शोधत होता. हे मी दादाला पत्रात लिहिलं. आजवर आम्ही दोघं यावर कधी बोललो नव्हतो. त्याला राग येईल तर येवो.

तू मात्र खिडकीशी बसून राहू नकोस. खिडकीनं कुणी लवकर घरी येत नाही.

माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी नणंद,
केर्त्तू

~

वेहकोला,
२७ मार्च

चि. केर्त्तूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांबद्दल लिहायला नको होतंस. लिहिलंस ते बरं केलंस.

पाकीट तयार करून लाखेनं बंद केलं आणि सायमीच्या हातात दिलं. घड्याळामागे ठेवलंय. आता दोघी सुखानं झोपा. मोजे उत्तम आहेत.

तुझा,
तौनो

~

वेहकोला,
२ एप्रिल १९७४

प्रिय केर्त्तूस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे उपकार कसे फेडू? पाकीट आलं! लाख लावलेलं, अगदी सरकारी. घड्याळामागे आहे. मी रोज घड्याळाला किल्ली देताना नुसता हात लावून बघते. उघडलेलं नाही, उघडणारही नाही. शब्द म्हणजे शब्द. तौनो मात्र मधूनमधून घड्याळाकडे बघतो आणि मिशीत हसतो, की ही बाई किती दिवस कळ काढते बघू.

कितीतरी वर्षांनी या महिन्यात मला झोप लागली. यंदा बर्फ लवकर मऊ होतंय, सकाळी दहानंतर पाय खचतो. चार घरटी झाली, तीन राहिली. ईस्टरला काळी खीर करेन तेव्हा तुझी आठवण काढून एक वाटी जास्त खाईन.

घाईत आहे. अंतर लांब असलं तरी पत्र लांबवू नकोस.

तुझी,
सायमी

~

तांपेरे, रुग्णालय,
मंगळवार, ९ एप्रिल १९७४

प्रिय केर्त्तूस,
स. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. तो जिवंत आहे हे आधी पुन्हा लिहिते, म्हणजे तू पुढचं वाचशील. जिवंत आहे, शुद्धीवर आहे, उजवी मांडी मोडली आहे. डाव्या पायाची दोन बोटं काल कापली. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे.

शनिवारी पहाटे पाचला स्की घालून गेला. दोनपर्यंत येतो म्हणाला. दोन वाजले, तीन वाजले. पन्हाळीतून पाणी टपटपत होतं आणि मी पुन्हा पुन्हा दाराशी जात होते, कारण बर्फ वितळतंय म्हणजे तो खचल्याशिवाय परत येऊच शकत नाही. चारला मी शेजारच्या वेईक्कोकडे धावले. तुला वेईक्को आठवतो ना, आठवड्यात तीन शब्द बोलणारा? पाचपर्यंत अंगणात चार माणसं जमली. आणि सगळ्यांत आधी कोण आलं असेल? हुर्मे. आता पंच्याहत्तरीचा आहे. स्वतःची मोटारीची बर्फगाडी घेऊन आला. म्हणाला, दहा मिनिटांत कुठेही पोचतो, फक्त कुठे ते सांग.

मी आत जाऊन घड्याळामागचं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर लाख फोडली. केर्त्तू, आत एक कागद होता. त्यावर तुझ्या भावानं लिहिलं होतं की, उघडलंस ना शेवटी? मला ठाऊकच होतं. आता कॉफी ठेव, मी आलोच.

एवढंच. एक जागा नाही, एक नाव नाही. चेष्टा केली होती त्यानं. त्याला वाटलं मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप उघडेन आणि तो मला वर्षभर चिडवेल. मी शब्द पाळला म्हणून ती चेष्टा शनिवारपर्यंत तशीच राहिली. वेईक्कोनं मला खुर्चीवर बसवलं.

आणि मग समोर औषधांचं कपाट दिसलं. पुड्यांच्या खोक्यातून एक पुडी कमी होती. शुक्रवारी मी नवं खोकं आणलं होतं, एकही वापरली नव्हती.

मला ठाऊक होतं, केर्त्तू. मला सातही ठाऊक आहेत. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण इतकी वर्षं कपडे मीच धुतलेत ना? एका घरट्याहून येतो तेव्हा विजारीच्या घडीत टेकडीवरची जाड रेती असते. एका ठिकाणाहून येतो तेव्हा कोटाला म्हाताऱ्या झाडांवरचं दाढीसारखं शेवाळ. एकाहून रेल्वेच्या कोळशाची काजळी. आणि एका दलदलीत ते उग्र वासाचं झुडूप इतकं माजलंय की ऊन पडलं की त्याचं डोकं फुटायला येतं. तिथे जाताना, आणि फक्त तिथेच जाताना, तो खिशात पुडी नेतो. त्या दलदलीत लहानपणी मी आईबरोबर पिवळ्या बेरी वेचल्यात. पुडी नाही म्हणजे तो कोल्काच्या दलदलीत, उत्तर टोकाच्या पाइनवर.

आता जे लिहिते ते तुलाच लिहिते आहे, वाचून जाळून टाक. मी उठले. हुर्मेची गाडी दारात सुरू होती. दहा मिनिटं. तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर ती तीन गार अंडी आली, आणि घरट्याहून परत येऊन भिंतीवर डोकं आपटणारा तौनो आला. आणि मी हुर्मेला सांगितलं की तळ्यावर शोधा, बेटाकडे. तो आणि बाकीचे दोघे लगेच निघाले. मी वेईक्कोला बाहीला धरून घोड्याच्या तबेल्यात नेलं आणि त्याच्या कानात खरं सांगितलं. घोडा जुंपला, शिडी घेतली. घोडा पोटापर्यंत खचत होता. दीड तास लागला. दीड तास, केर्त्तू, आणि दहा मिनिटांची गाडी मी स्वतःच्या तोंडानं उलट दिशेला धाडली होती. वाटभर मी देवाला एकच सांगत होते की याची शिक्षा त्याला देऊ नकोस.

तो जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर दोराला लटकलेला होता. काटा निसटून पाय फांदीत अडकून मोडला होता. डावा बूट खाली पडला होता, पायात तुझा मोजा तेवढा. मी हाक मारली तर उत्तर नाही. मला वाटलं संपलं. वेईक्को शिडी लावून वर गेला आणि दोर कापून त्याला खांद्यावर घेऊन उतरला. तोंडावर बर्फ चोळल्यावर तौनोनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? नर आला, अकरा चाळीसला, लिहून घे. दुसरं म्हणजे, तुला इथे कुणी आणलं?

मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले की तासभर आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती. ते सहज बोलले, त्यांना काय माहीत. त्याला वाटतंय वेईक्कोनं स्कीचा माग काढला. हुर्मे अंधार पडेपर्यंत तळ्यावर फिरत होता, एकदा गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. काल इथे भेटायला आला, धुरावलेला मासा घेऊन. म्हातारा आता काठीनं चालतो. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

मी बरोबर केलं की नवऱ्याचा पाय विकला? तू त्याची बहीण आहेस, तूच सांग. रागावलीस तरी मला टाकू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
सायमी

~

वेस्तेरोस,
१७ एप्रिल १९७४

ती. सायमीवहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र जाळलं नाही. आधी खरं लिहिते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझा इतका राग आला की मी ते पत्र पिठाच्या डब्यात कोंबलं. माझा भाऊ तिथे लटकलेला, आणि ही बाई पक्ष्याचा विचार करते! रात्रपाळीला गेले, सूपात दोनदा मीठ घातलं.

मग त्या पाकिटाचा विचार केला आणि राग त्याच्यावर वळला. बाबांबद्दल मी काळीज कापून लिहिलं आणि या गाढवानं लाख लावून चेष्टा केली. म्हणे दोघी सुखानं झोपा! बरा झाला की त्याला सांग, केर्त्तू येऊन दुसरी मांडी मोडणार आहे.

तू बरोबर केलंस की चूक, मला सांगता येत नाही. मी तिथे असते तर हुर्मेच्या गाडीवर उडी मारून बसले असते आणि त्या घारींचं जे व्हायचं ते झालं असतं. पण मी असते तर मला जागाही ठाऊक नसती. त्या अंगणात ती फक्त तुला ठाऊक होती, एवढं मला कळतं. आमच्या आईला बाबांच्या विजारीवरून खाडी ओळखता आली असती तर बाबा घरी आले असते.

त्याला सांगून टाक. खिसा चिवचिवत असताना रिकामा आहे म्हणायची सवय घरात एकालाच पुरे.

तुला टाकणार कुठे? मला दुसरी वहिनी नाही.

तुझी,
केर्त्तू

~

वेहकोला,
रविवार, ५ मे १९७४

चि. केर्त्तूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी घरी आहे. मांडी प्लॅस्टरमध्ये, खिडकीशी खाटेवर. तुझी धमकी सायमीनं वाचून दाखवली. पाकिटाबद्दल तू जे म्हणशील ते कबूल. मी माफी मागायला जातो आणि शब्द सापडत नाहीत, म्हणून इथे लिहितो. ती चेष्टा मी लटकल्या लटकल्या आठवत होतो. तिनं पाकीट उघडलं तर काय वाचेल, हे कळत होतं. एवढा घाबरलो मी लढाईतही नव्हतो.

तिनं मला सांगितलं. हुर्मेची गाडी, दीड तास, सगळं. मी एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो. तिला वाटलं मी रागावलोय. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, खरंच सातही? तिनं रेतीपासून काजळीपर्यंत एकेक सांगितलं, बटाटे सोलता सोलता. एकही चुकलं नाही. सोळा वर्षं माझं गुपित माझ्याच घरात, साबणाच्या पाण्यात होतं आणि तिनं ते शेजारणीलाही कळू दिलं नाही. मी एकदा सौनात गेलो आणि गावाला सांगून बसलो होतो. मी तिला म्हटलं, दोन बोटं काही फार नाहीत, त्या वेळी तीन अंडी गेली होती. ती रडली. मीही रडलो. बटाटे करपले.

आता खरं लिहायचं ते. दोन आठवड्यांपासून घरटी बघायला सायमी जाते. माझी दुर्बीण घेते, माझी टोपी घालते, लांबून बघते, येऊन कार्ड भरते. माझ्यापेक्षा नीट भरते. कोल्काच्या पाइनवर तो नर परत आला, मादीही आली, काल ती अंड्यावर बसली. सहा झाली. सातवं बघायचं आहे, पण सहांपैकी एखादं पुन्हा बघायला गेली असेल तर तेही मला ठाऊक नाही.

कारण आज पहाटे पाचला गेली तेव्हा मी विचारलं, कुठे? तर दारात उभं राहून म्हणाली की ते गुपित आहे, दोनपर्यंत येते. आणि हसत गेली. माझीच टोपी, माझंच हसू.

आता पावणेचार झालेत. पन्हाळीतून पाणी टपटपतंय. सातवं घरटं बेटावर आहे आणि तळ्यावरचं बर्फ आतून पोकळ होऊन काळं पडलंय. ती बर्फावर पाय टाकणार नाही, ती शहाणी आहे, हे मी स्वतःला दर पाच मिनिटांनी सांगतो. वेईक्कोला हाका मारल्या, तो शेतावर आहे. हुर्मेकडे निरोप पाठवायचा झाला तरी धाडू कुणाला, आणि धाडला तर सांगू काय? गाडी कुठे ने म्हणू?

मी काठीवर रेटत कपाटापर्यंत गेलो. पुड्या सगळ्या जागेवर आहेत. पण तिचं डोकं दुखतच नाही. दोरीवरचा तिचा कालचा स्कर्ट ओढून घेतला, घडीत बघितलं, वास घेतला. साबणाचा आला. तिला कुठल्या वाटेची माती लागते, कुठल्या झुडपाचा वास येतो, मला काही म्हणता काही ठाऊक नाही. तिचे कपडे मी कधी धुतलेच नाहीत.

कॉफी ठेवली आहे. तिसऱ्यांदा. लोभ ठेव, आणि आज जमलं तर थोडी प्रार्थनाही.

हे पत्र पोस्टात टाकायला मला चालता येत नाही. ते तीच टाकेल. तुला मिळालं, तर समज ती आली.

तुझा,
तौनो